विश्लेषण : भरसमुद्रातली ज्योत विझत का नाही? केशवदेव मालवीय आणि ‘मुंबई हाय’ची कहाणी

एक रुपयाची नोट उलटी करून पाहिली, तर तिच्यावर समुद्रात पोलादी पायांवर उभा असलेला एक अवाढव्य सांगाडा दिसतो. हा ‘सागर सम्राट’. याच फिरत्या खोदयंत्राने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले आणि ‘बॉम्बे हाय’, म्हणजे आजचे ‘मुंबई हाय’, हे नाव घरोघरी पोहोचले. तिथे आज उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मवर रात्रंदिवस एक ज्योत पेटलेली असते. इंधनासाठी परकीय चलन मोजणारा देश स्वतःच्या समुद्रातला वायू का जाळतो, असा प्रश्न ती पाहून पडतो. त्याचे उत्तर तंत्रज्ञानात आहे, तसेच एका राजकारण्याच्या आयुष्यातही आहे. केशवदेव मालवीय हे त्यांचे नाव. भारताच्या सरकारी तेल उद्योगाचे ते जनक मानले जातात. प्लॅटफॉर्मवर तेल, पाणी आणि वायू यांचे नेमके काय होते, आणि मालवीय यांचा त्याच्याशी काय संबंध, ते पाहू.

केशवदेव मालवीय कोण होते?

मालवीय यांचा जन्म ११ जून १९०४ चा. त्यांनी कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेत शिक्षण घेतले. पुढे ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले, तुरुंगात गेले आणि काँग्रेसमधील समाजवादी विचारांच्या गटात ओळखले जाऊ लागले. तंत्रशिक्षण घेतलेला आणि सार्वजनिक क्षेत्रावर ठाम विश्वास असलेला राजकारणी, असे हे मिश्रण त्या काळी दुर्मीळ होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते लोकसभेवर गेले. पंडित नेहरूंच्या सरकारात त्यांच्याकडे नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन खात्याची जबाबदारी आली आणि पुढे खाणी व तेल हे खाते आले. त्या वेळी हे खाते फारसे वजनदार मानले जात नसे. कारण सरळ होते. देशात तेल म्हणजे आसाममधले दिग्बोई आणि त्याच्या आसपासचा टापू, एवढीच समजूत होती.

परदेशी कंपन्यांशी संघर्ष कशामुळे?

१९५० च्या दशकात भारताचा तेलव्यवहार बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. मुंबईकरांना याची खूण तुर्भ्याच्या खाडीकाठी दिसत होती. तिथे १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. कच्चे तेल त्या बाहेरून आणत, इथे शुद्ध करत आणि विकत. तेल कुठून घ्यायचे आणि कोणत्या भावाने, हे त्याच ठरवत.

भारतात नवे तेल सापडण्याची शक्यता कमी आहे, असा पाश्चात्त्य तज्ज्ञांचा एकूण सूर होता. स्टॅनव्हॅकने सरकारशी भागीदारी करून पश्चिम बंगालमध्ये विहिरी खोदल्या, पण हाती काही लागले नाही. मालवीय यांनी यातून वेगळा अर्थ काढला. ज्यांना बाहेरचे तेल विकून नफा मिळतो, त्यांना इथे तेल शोधण्याची घाई का असेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. शोध सरकारनेच घ्यायला हवा, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह महागडा होता. तेलाची विहीर कोरडी निघाली की लाखो रुपये जमिनीत जातात, आणि पंचवार्षिक योजनेत धरणे, पोलाद, रेल्वे अशा अनेक गोष्टी पैशासाठी रांगेत उभ्या होत्या. तरीही १९५५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अंतर्गत तेल आणि वायू विभाग सुरू झाला. मालवीय यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ युरोपातील देशांचे तेल उद्योग पाहून आले. एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणाने खनिज तेल हे राज्यसंस्थेच्या जबाबदारीच्या यादीत घातले. ऑगस्ट १९५६ मध्ये या विभागाचा आयोग झाला आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. हीच आजची ओएनजीसी.

पहिले तेल कुठे सापडले?

सोव्हिएत तज्ज्ञांनी देशभरातील सर्वेक्षण आणि खोदाईचा आराखडा तयार करून दिला. यंत्रे आणि प्रशिक्षण यांसाठी सोव्हिएत संघ आणि रुमानिया पुढे आले. १९५७ मध्ये हिमाचलातील ज्वालामुखी इथे पहिली खोल विहीर खोदायला घेण्यात आली. तिथल्या देवळात जमिनीतून येणाऱ्या वायूच्या ज्योती शतकानुशतके पेटत आहेत. जिथे वायू आपणहून बाहेर येतो तिथून सुरुवात करणे स्वाभाविकच होते. पण विकण्याजोगे तेल तिथे मिळाले नाही.

सप्टेंबर १९५८ मध्ये गुजरातेत खंभातजवळच्या लुणेज इथे तेल लागले. १९६० मध्ये अंकलेश्वरचे मोठे क्षेत्र सापडले आणि त्याच वर्षी आसाममध्ये रुद्रसागरही. आयोग स्थापन होऊन चार वर्षे होत असताना भारतात तेल नसल्याचा समज मोडीत निघाला होता.

दुसरी आघाडी भावाची होती. सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा परदेशी कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करायला नकार दिला. सरकारने १९५९ मध्ये इंडियन ऑइल कंपनी स्थापन केली आणि तयार इंधन थेट आयात करण्याचा मार्ग धरला. तेलाच्या किमती तपासण्यासाठी दामले समिती नेमली गेली. १९६२ च्या प्रारंभी रुमानियाच्या मदतीने गुवाहाटीत सार्वजनिक क्षेत्रातला पहिला शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. शोध, शुद्धीकरण आणि विक्री या तिन्ही कड्या सरकारच्या हाती येऊ लागल्या होत्या.

मग राजीनामा का द्यावा लागला?

१९६३ मध्ये मालवीय यांची कारकीर्द अचानक थांबली. ओरिसात खाणी असलेल्या सिराजुद्दीन आणि कंपनीकडून एका निवडणूक उमेदवाराला दहा हजार रुपये मिळवून दिल्याचे प्रकरण पुढे आले. खाणखाते मालवीय यांच्याकडे असल्याने त्याला गंभीर वळण लागले. नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडे चौकशी सोपवली. अहवाल जाहीर झाला नाही, पण जून १९६३ मध्ये मालवीय यांनी राजीनामा दिला.

देशाचा तेल उद्योग उभा करणारा माणूस एका निवडणूक देणगीपायी घरी गेला. त्यांच्या समर्थकांना यात परदेशी तेल कंपन्यांच्या हितसंबंधांचा वास आला, तर विरोधकांना मंत्रिपदाचा गैरवापर दिसला. यापुढे अकरा वर्षे तेल खाते त्यांच्याकडे नव्हते, आणि नेमक्या याच काळात शोधाची दिशा जमिनीकडून समुद्राकडे वळली.

समुद्रातले तेल कसे सापडले?

खंभात आणि अंकलेश्वरचे तेलधारी खडक किनाऱ्यापाशी थांबत नाहीत, ते समुद्राखालीही पसरलेले असावेत, असा भूशास्त्रज्ञांचा कयास होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि सोव्हिएत पथकांनी खंभातच्या आखातात आणि त्यापलीकडे सर्वेक्षण केले. ध्वनिलहरी समुद्रतळाखाली सोडायच्या, थराथरांवरून परतणारे प्रतिध्वनी नोंदवायचे आणि त्यावरून खडकांचा आकार ताडायचा, ही ती पद्धत. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली खडकाचा एक प्रचंड उंचवटा दिसला. ‘हाय’ हे नाव त्या उंचवट्यावरूनच आले.

उंचवटा दिसला तरी खोदायला यंत्र नव्हते. १९७० मध्ये खंभातच्या आखातात अलियाबेट इथे पहिली सागरी विहीर खोदली गेली. त्यातून अनुभव मिळाला, मोठे तेल मिळाले नाही. मुंबई हायवर पाणी सुमारे ७५ मीटर खोल. त्यासाठी जपानमध्ये हिरोशिमाच्या मित्सुबिशी गोदीत ‘सागर सम्राट’ बांधून घेण्यात आले. पाय वर उचलून तरंगत जायचे, जागेवर पोहोचल्यावर पाय तळाला टेकवून स्वतःला पाण्याच्या वर उचलायचे, अशी त्याची रचना आहे. जानेवारी १९७४ च्या अखेरीस विहीर खोदायला घेतली आणि १९ फेब्रुवारीला चुनखडीच्या थरात तेल लागले.

मुहूर्त असा, की त्याआधीच्या काही महिन्यांतच अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे साधारण तीन डॉलरवरून अकरा-बारा डॉलरवर गेला होता. भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटत होती. त्या वेळी हे तेल म्हणजे श्वास घेण्याची संधीच होती.

मालवीय परतले तेव्हा काय घडले?

मालवीय १९७१ मध्ये उत्तर प्रदेशातील डुमरियागंजमधून पुन्हा लोकसभेवर आले होते. तेल लागले तेव्हा पेट्रोलियम खाते त्यांच्याकडे नव्हते. ते ऑक्टोबर १९७४ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांच्या हाती दिले. सत्तरीत पोहोचलेल्या मालवीय यांच्यासमोर आता शोधाचा नव्हे, तर उत्पादनाचा प्रश्न होता.

त्यांच्यापुढची निवड अवघड होती. तेल किनाऱ्यावर आणण्याचा उत्तम मार्ग म्हणजे समुद्रतळावरून पाइपलाइन. पण सुमारे २०० किलोमीटरची पाइपलाइन टाकायला वेळ लागणार होता. दुसरा मार्ग म्हणजे प्लॅटफॉर्मजवळ नांगरलेल्या तरंगत्या बोयाला टँकर जोडून त्यात तेल भरायचे. हा मार्ग लवकर साधणारा होता. सरकारने तो निवडला आणि २१ मे १९७६ रोजी व्यावसायिक उत्पादन सुरू झाले. शोधापासून अवघ्या २७ महिन्यांत हे घडले. पूर्वी कधी समुद्रात तेल न काढलेल्या देशासाठी हा वेग थक्क करणारा होता.

पण टँकरने तेल नेता येते, वायू नेता येत नाही. ज्योतीची गोष्ट इथून सुरू होते. ती कळण्यासाठी आधी विहिरीतून काय निघते ते पाहावे लागेल.

प्लॅटफॉर्मवर तेलाचे काय करतात?

विहिरीतून निव्वळ तेल कधीच येत नाही. तेल, पाणी, वायू, थोडी वाळू आणि क्षार यांचे उकळत्या डाळीसारखे फसफसणारे मिश्रण दाबाखाली वर येते. ‘सागर सम्राट’सारखे यंत्र विहीर खोदून पुढे निघून जाते. त्यानंतर तिथे कायमचे प्लॅटफॉर्म उभे राहतात. छोट्या, माणसे नसलेल्या प्लॅटफॉर्मवर विहिरींची तोंडे असतात. तिथून समुद्रतळावरच्या नळ्यांतून हे मिश्रण मोठ्या प्रक्रिया प्लॅटफॉर्मवर येते. या प्लॅटफॉर्मवर माणसे राहतात. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे, १४ दिवस काम करायचे आणि मग १४ दिवस घरी, असा तिथला क्रम असतो.

मिश्रण प्रथम सेपरेटर नावाच्या मोठ्या आडव्या पोलादी टाकीत शिरते. तिथे दाब कमी होतो. सोड्याची बाटली उघडल्यावर जसा वायू सुटतो, तसाच तेलात विरघळलेला वायू इथे सुटतो आणि वर जमतो. जड पाणी तळाला बसते, तेल मधल्या थरात राहते. टाकीत आडवी बसवलेली भिंत तेलाला ओसंडून पलीकडे जाऊ देते आणि पाण्याला अलीकडेच अडवते. मुळात हे सगळे गुरुत्वाकर्षणाचे काम आहे, त्याला हवा असतो तो थोडा निवांत वेळ.

पण तेल आणि पाणी नेहमी सहज वेगळे होत नाहीत. पाण्याचे बारीक थेंब तेलात अडकून दह्यासारखे घट्ट मिश्रण होते. ते फोडण्यासाठी थोडे रसायन घालतात, गरज पडल्यास तापवतात. मग आणखी कमी दाबाच्या दुसऱ्या टाकीत उरलेला वायू काढतात. असे दोन-तीन टप्पे पार केल्यावर तेल स्थिर होते, म्हणजे वाटेत त्यातून वायू उसळत नाही. नंतर ते पंपाने पाइपलाइनमध्ये ढकलले जाते.

समुद्रात राहून पाण्याची एवढी काळजी कशाला?

प्लॅटफॉर्मवर पाण्याचे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, तेलासोबत वर आलेल्या पाण्याचा. ते समुद्राच्या पाण्यासारखे दिसले तरी त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब असतात. ते तसेच सोडले तर समुद्रावर तवंग पसरतो. म्हणून ते तिरप्या पत्र्यांच्या संचातून नेतात, तिथे थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि वर येतात. नंतर पाण्यात वायूचे बुडबुडे सोडतात. तेलाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि साय काढावी तसे काढून घेतले जातात. काही ठिकाणी पाणी शंकूच्या आकाराच्या नळीत वेगाने फिरवून तेल वेगळे करतात. भारतातील नियमांनुसार समुद्रात सोडायच्या अशा पाण्यात तेलाचे प्रमाण साधारणपणे लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते.

दुसरा प्रश्न उलटा आहे. तेल काढत गेले की खडकातला दाब उतरतो आणि तेल वर येईनासे होते. त्यासाठी समुद्राचे पाणी खडकात दाबून भरावे लागते. मुंबई हायमध्ये हे काम १९८० च्या दशकात सुरू झाले. पण समुद्राचे पाणी जसेच्या तसे भरता येत नाही. त्यातला गाळ खडकाची सूक्ष्म छिद्रे बुजवतो, प्राणवायू नळ्या गंजवतो, आणि जिवाणू खडकात वाढून विषारी, सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार करतात. म्हणून पाणी गाळतात, निर्वात मनोऱ्यातून नेऊन त्यातला प्राणवायू काढतात, जिवाणूनाशक घालतात आणि मगच प्रचंड दाबाच्या पंपांनी जमिनीत ढकलतात. पाणी उपसून तेल काढण्याइतकेच पाणी भरून तेल काढणे हेही या धंद्याचे अंग आहे. क्षेत्र जुने झाले की वर येणाऱ्या द्रवात तेलापेक्षा पाणीच जास्त असते. मुंबई हाय आज त्याच वयात आहे.

वायू का जाळावा लागतो?

सेपरेटरमध्ये सुटलेला वायू कमी दाबाचा आणि ओलसर असतो. किनाऱ्यापर्यंत पाठवायचा तर त्याला कॉम्प्रेसरने दाबावे लागते. त्यातली वाफ शोषून घ्यावी लागते, नाहीतर पाइपलाइनमध्ये पाणी साठून गंज धरतो. वायू कोरडा करण्यासाठी ग्लायकॉल हा दाट द्रव वापरतात. वायूचा काही भाग प्लॅटफॉर्मवरच वीज आणि पंपांसाठी जाळतात. काही भाग पुन्हा विहिरीत सोडतात. तो तेलाचा स्तंभ हलका करतो आणि थकलेल्या विहिरीतूनही तेल वर येते.

या साऱ्यासाठी कॉम्प्रेसर हवेत, पाइपलाइन हवी आणि किनाऱ्यावर तो वायू रोज घेणारा ग्राहक हवा. यातला एकही दुवा नसेल तर उरतात दोनच पर्याय : विहीर बंद करणे किंवा वायू जाळणे. तेलासोबतचा वायू वेगळा थांबवून ठेवता येत नाही. तेल हवे असेल तर वायू येणारच. तो न जाळता हवेत सोडला, तर प्लॅटफॉर्मभोवती ठिणगीची वाट पाहणारा ढग जमतो. शिवाय या वायूतला मुख्य घटक असलेला मिथेन हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. म्हणून सोडण्यापेक्षा जाळणे बरे.

सर्व व्यवस्था असली तरी ज्योत पूर्ण विझवत नाहीत, याचेही कारण सुरक्षितता हेच आहे. कॉम्प्रेसर अचानक बंद पडला किंवा एखाद्या टाकीतला दाब वाढला, तर सुरक्षा झडपा उघडतात आणि सारा वायू काही क्षणांत ज्योतीकडे वळतो. तिथे आग तयार नसेल तर अनर्थ. म्हणून राहत्या इमारतीपासून दूर, लांब पोलादी हातावर छोटी ज्योत कायम पेटती ठेवतात. वाटेतल्या एका टाकीत वायूबरोबर आलेले तेलाचे थेंब गाळले जातात, नाहीतर समुद्रावर पेटत्या थेंबांचा पाऊस पडेल. नळीत हवा शिरून आतच स्फोट होऊ नये म्हणून तिच्यातून थोडा वायू सतत वाहता ठेवतात.

या दक्षतेचे मोल २७ जुलै २००५ रोजी कळले. एका सहाय्यक जहाजाच्या धडकेने वायू वाहणारी उभी नळी फुटली आणि मुंबई हायच्या उत्तर भागातला प्रक्रिया प्लॅटफॉर्म आगीत नष्ट झाला. त्यात २२ जणांचा बळी गेला.

थोडक्यात, ज्योत दोन प्रकारची असते. छोटी, स्थिर ज्योत ही सुरक्षेची. मोठी, सतत भडकणारी ज्योत ही अपुऱ्या नियोजनाची.

मुंबई हायची ज्योत कोणत्या प्रकारची होती?

सुरुवातीला ती दुसऱ्या प्रकारची होती. १९७६ मध्ये वायू किनाऱ्याला नेणारी पाइपलाइन नव्हती, म्हणून उत्पादन सुरू होताच वायू जाळणे अपरिहार्य झाले. १९७८ मध्ये उरणपर्यंत पाइपलाइन पोहोचली आणि चित्र बदलू लागले. रायगड जिल्ह्याचा चेहरा या वायूने पालटला. उरणला प्रक्रिया केंद्र आणि वायूवर चालणारे वीज केंद्र, तुर्भे आणि अलिबागजवळच्या थळ इथले खत कारखाने, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प हे सगळे त्याच वायूचे ग्राहक. मुंबईतल्या अनेक स्वयंपाकघरांत नळीने येणाऱ्या गॅसची मुळेही याच व्यवस्थेत आहेत.

तरीही ग्राहक आणि कॉम्प्रेसर उत्पादनाच्या मागेच राहिले. १९८०-८१ मध्ये देशात निघालेल्या वायूपैकी जवळपास एक तृतीयांश जाळला गेला. पुढच्या दशकात मुंबई हायचे उत्पादन झपाट्याने वाढले, देशाच्या तेलाच्या गरजेचा मोठा वाटा देशातूनच भागू लागला, पण ज्योतही मोठी होत गेली. १९९०-९१ मध्ये देशात निघालेल्या सुमारे १८ अब्ज घनमीटर वायूपैकी ५ अब्ज घनमीटरहून अधिक वायू जळून गेला. त्यानंतर नवे कॉम्प्रेसर आणि वाढलेली पाइपलाइन क्षमता यांमुळे दहा वर्षांत हे प्रमाण एक आकडी टक्क्यांवर आले.

मग १९७६ ची घाई चूक होती का? पाइपलाइनची वाट पाहिली असती तर वायू वाचला असता, पण तेवढा काळ महागडे तेल बाहेरून आणावे लागले असते. पहिल्या दोन वर्षांत जळालेला वायू हा त्या निर्णयाचा हिशेब होता आणि तो समजण्याजोगा आहे. त्यानंतरच्या दशकभरात जळालेल्या वायूचा हिशेब मात्र त्या निर्णयावर टाकता येत नाही. तेल काढण्याचा जो ध्यास होता, तो वायू वापरण्याबाबत दिसला नाही, हे त्याचे कारण.

मालवीय यांच्या मागे काय उरले?

मालवीय यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, जानेवारी १९७६ मध्ये, बर्मा शेलचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. त्यातूनच आजची भारत पेट्रोलियम उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या संघर्षाचे एक वर्तुळ असे पुरे झाले. पण तो आणीबाणीचा काळ होता आणि ते त्या सरकारचे मंत्री होते. १९७७ मध्ये मतदारांनी काँग्रेसला नाकारले, तेव्हा डुमरियागंजची जागाही गेली. मुंबई हायचे पहिले तेल निघून वर्षही झाले नव्हते.

२७ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षीही अरबी समुद्रातली ज्योत मोठीच होती. देहरादूनच्या ज्या संस्थेत तेलशोधाचे संशोधन होते, तिला त्यांचे नाव देण्यात आले. ‘सागर सम्राट’ नोटेवर आले. त्या चित्रामागचा माणूस मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरच राहिला.

आज भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. मुंबई हाय म्हातारे झाले आहे, पण अजून देशातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांत त्याची गणना होते. मालवीय यांनी लढून मिळवलेली गोष्ट होती ती तेल शोधण्याचा आणि काढण्याचा अधिकार. काढलेल्यातले काहीही वाया न घालवण्याचे काम त्यांच्यानंतरच्यांवर आले, आणि ते किती झाले याचे मोजमाप भरसमुद्रातल्या ज्योतीच्या उंचीवरून आजही करता येते. ती जितकी छोटी, तितका कारभार चांगला.